डाव्या बाजूचे टायर

६ फेब्रुवारी

आज हवा भरायला गेलो होतो. टायरवाल्यानं नळी खाली ठेवली, डावीकडच्या दोन्ही टायरांवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "काका, हे बदलायला झालेत. कडा बघा."

वाकून पाहिलं. रबराला चिरा पडल्यात, एका ठिकाणी आतला धागा दिसतोय. उजवे दोन्ही मात्र ठणठणीत.

"डावेच कसे?" मी विचारलं.

"रस्त्याच्या सिमेंटच्या कडेला घासले की होतं असं." मग जरा थांबून, "गाडी तुम्हीच चालवता ना?"

"मीच. दुसरं कोण?"

त्यानं नळी पुन्हा उचलली. "घाई नाही, सावकाश ठरवा," एवढंच म्हणाला.

हे 'सावकाश' मला खटकलं. सगळी नोकरी वजनमापे निरीक्षक म्हणून बाजारात काढली. तागडीखाली चिकटवलेलं चिंचोक्याएवढं लोखंड मी दुरून ओळखत असे. माल विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला सावकाश म्हणतो, हे मी आजवर पाहिलं नाही. मागच्या महिन्यात गाडी धुवायला त्याच्याचकडे ठेवली होती. तेव्हा कुणी चिरा पाडल्या असतील तर?

९ फेब्रुवारी

सौ. आज गाडीत मागे बसली. म्हणे गुडघा दुखतो, पुढे पाय पसरता येत नाहीत. मागे तर आणखी कमी जागा. इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून तिचा गुडघा कधी दुखला नाही.

वाटेत एक बाई मागून जोरात ओरडली. आरशात पाहिलं तर सायकल धरून उभी होती, हातवारे करत होती. काय झालं कुणास ठाऊक. लोकांना हल्ली चिडायला कारण लागत नाही. सौ.ला विचारलं, काय झालं गं तिला? ती म्हणाली, "घरी चला." संध्याकाळी जेवलीसुद्धा नाही नीट.

१२ फेब्रुवारी

टायरचा अभ्यास सुरू केला. दुकानदारानं फसवू नये असं वाटत असेल तर त्याच्याआधी आपण माप शिकावं लागतं.

टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं, फक्त गुडघे टेकून वाचावं लागतं. आधी रुंदी, मग उंचीचं प्रमाण, मग चाकाचा आकार. शेवटी एक आकडा आणि एक अक्षर. आकडा वजनाचा, एक टायर किती भार पेलेल तो. इथवर मी घरचाच. अक्षर वेगाचं. ठरलेला भार अंगावर घेऊन टायर जास्तीत जास्त किती वेगानं धावू शकेल ते अक्षरावरून कळतं. टी म्हणजे ताशी एकशे नव्वद किलोमीटर, एच म्हणजे दोनशे दहा, व्ही म्हणजे दोनशे चाळीस. आता एच हे टी आणि यू यांच्या नंतर का येतं, ते देव जाणे. ज्यानं ही मापं बसवली त्याला शाळेत बाकावर उभं करायला हवं होतं.

माझ्या गाडीला व्ही आहे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीची पट्टी आहे, तिच्यावरही व्ही.

वर्तमानपत्राची छपाई फार बिघडली आहे. ओळी मधूनच सुरू होतात. दोनदा वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही. संपादकांना पत्र टाकायला हवं.

१४ फेब्रुवारी

जेवताना टायरचा विषय काढला. चिरंजीव एकदम म्हणाले, "बाबा, राहू द्या ना सध्या. कशाला एवढ्यात नवीन टायर?"

"धागा दिसतोय."

"मग गाडी थोडे दिवस उभी ठेवा. मी सोडतो तुम्हाला हवं तिथे."

हा मुलगा मला दाढीचं ब्लेड आणून द्यायला चार दिवस लावतो. तो मला हवं तिथे सोडणार!

मी म्हटलं, व्ही अक्षराचेच टायर घेणार. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही साठच्या वर गाडी नेत नाही. टी पण पुष्कळ झाले." तिला वाटलं मला टी माहीत नसेल. मी शांतपणे समजावलं. अक्षर नुसतं वेगाचं नसतं. वेगात रबर तापतं, ते तापणं सोसायची ताकद म्हणजे ते अक्षर. आणि कंपनीनं सांगितलेल्या मापाच्या खाली उतरायचं नाही. एक किलोच्या जागी नऊशे ग्रॅम 'पुष्कळ झालं' म्हणून चालतं का?

सूनबाईनं माझा पाण्याचा पेला उचलून ताटाच्या उजवीकडे ठेवला. हे ती हल्ली रोज करते. परवा डावीकडचा पेला माझा हात लागून सांडला तेव्हापासून. ठेवतात भलतीकडे आणि मग माझ्यावर डोळे वटारतात.

१७ फेब्रुवारी

टायरवाल्याकडे गेलो. व्ही मागितले.

"मागवावे लागतील काका."

"कधी येतील?"

"सांगता येत नाही. पुढचा महिनाही लागेल."

त्याच्या मागे फळीवर माझ्याच मापाचे टायर रचून ठेवले होते. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, ते एका गिऱ्हाइकाचे बाजूला काढलेत. बोलताना माझ्याकडे पाहत नव्हता. खोटं बोलणारा दुकानदार तागडीकडे पाहतो, हा जमिनीकडे पाहत होता.

माल असून विकायचा नाही, यात त्याचा फायदा काय? हेच समजत नाही. समजत नाही तिथेच काहीतरी असतं.

२० फेब्रुवारी

समजलं.

औषधं घेऊन चालत येत होतो. टायरवाल्याच्या दुकानासमोर चिरंजिवांची स्कूटर. स्वतः आत उभे, टायरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगताहेत आणि तो मान डोलावतोय. मी समोरच्या कपड्यांच्या दुकानाच्या खांबाआड थांबलो. वयाला शोभत नाही, पण थांबलो.

संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज कुठे गेला होतास का वाटेत?"

"नाही. सरळ घरी."

माझ्याच घरात, माझ्याच मुलानं, माझ्या तोंडावर. मी 'बरं' म्हणालो.

गाडी हवी आहे त्याला. दुसरं काय असणार? टायर मिळू द्यायचे नाहीत, गाडी उभी राहील, मग 'बाबा, नाहीतरी पडूनच आहे' म्हणून किल्ली मागायची. त्याच्याकडे दुसरी किल्ली आहेच. आणि सौ.ही त्यात आहे. परवा दोघं स्वयंपाकघरात बोलत होते, मी गेलो तसे गप्प झाले. तिनं उगाच नळ सोडला.

२३ फेब्रुवारी

गावाबाहेरच्या मोठ्या दुकानात गेलो. काचा, थंड हवा, टाय लावलेला विक्रेता. त्यानं मला बसवलं, पाणी दिलं आणि व्हीच्याही वरचं अक्षर दाखवायला लागला. "सर, हे दोनशे सत्तरचे आहेत. सेफ्टी जास्त."

म्हटलं, "मी त्या वेगानं गेलो तर स्वर्गात पोचेन, टायर इथेच राहतील."

चारही चाकांना व्हीच घेतले. तारीखसुद्धा तपासली. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माल ताजा. माझ्यासमोर बसवून घेतले, चाकांचा तोल बघून घेतला, हवा माझ्या स्वतःच्या मापकानं मोजली.

दारात गाडी उभी केली तेव्हा सूनबाई बाहेर आली. नवे टायर पाहून तिचा चेहरा पडला. लपवता आला नाही तिला. मला फार बरं वाटलं.

२८ फेब्रुवारी

पाच दिवस निवांत गेले. गाडी लोण्यासारखी चालते.

घरात कुणी माझ्याशी नीट बोलत नाही. सौ. अजून मागेच बसते. "गुडघा बरा आहे का?" विचारलं तर म्हणते, "समोर बघा."

३ मार्च

डाव्या पुढच्या टायरला बाजूनं फुगवटा आला आहे. अर्ध्या लिंबाएवढा. नव्याकोऱ्या टायरला!

तडक मोठ्या दुकानात. तो टाय लावलेला विक्रेता आता 'सर' म्हणायला तयार नाही. म्हणे, मार लागला आहे, चाक फूटपाथच्या कडेवर जोरात चढलं की आतले धागे तुटतात, कंपनी भरपाई देणार नाही. चाकाच्या लोखंडी कडेवरचा सिमेंटचा ओरखडासुद्धा दाखवला. फुगलेला टायर कधीही फुटेल, तो ठेवू नका म्हणाला. मी तोच एक पुन्हा नवीन घेतला, त्याच अक्षराचा.

येताना विचार करत आलो. ओरखडा खरा होता. म्हणजे गाडी कुठेतरी चढवली गेली. मी तर चढवली नाही. मी कडेपासून हातभर लांब चालवतो, तिसाव्या वर्षापासून माझ्या गाडीला ओरखडा नाही.

मग उरलं कोण? मी दुपारी झोपतो तेव्हा दुसरी किल्ली वापरायला कोण मोकळं असतं?

४ मार्च

निरीक्षकानं आरोप करायचा नसतो, पुरावा गोळा करायचा असतो. जेवणं झाल्यावर सगळे आत असताना पांढरा खडू घेऊन बाहेर गेलो. डावीकडच्या दोन्ही टायरांच्या बाजूवर गोल रेघ ओढली. चाक कुठेही घासलं तर तेवढी रेघ पुसली जाणार. दुपारी मुद्दाम घोरलो.

संध्याकाळी पाहिलं, रेघ जशीच्या तशी.

५ मार्च

रेघ शाबूत. चिरंजीव स्कूटरनं गेले, स्कूटरनं आले. मोठे सावध आहेत.

६ मार्च

सकाळीही रेघ शाबूत होती. स्वतः पाहिलं.

नंतर सौ.ला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. दवाखान्यासमोर गाडी लावली, ती आत गेली, मी गाडीतच बसून राहिलो. ती आली. परत आलो. किल्ली माझ्या हातात होती.

सवयीनं वाकून पाहिलं.

पुढच्या चाकावरची रेघ वीतभर पुसली आहे. मागच्या चाकावर त्याहून जास्त. रबरावर सिमेंटची भुकटी आहे.

७ मार्च

काल पुढे लिहवलं नाही.

आज सकाळी कुणाला न सांगता पुन्हा रेघ ओढली आणि बंद पडलेल्या गोदामामागच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली. तिथे कुणी नसतं. जिवाच्या करारानं लक्ष देऊन चालवली. मला वाटलं, कडेपासून हातभर अंतर आहे. थांबवली, उतरलो, वळसा घालून गेलो.

चाक कडेला टेकलं होतं.

मापात चूक निघाली की मी दुकानदाराला तीनदा वजन करायला लावत असे, त्याला तोंड उघडायला जागा राहू नये म्हणून. मीही तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

घरी आलो. सौ. पालेभाजी निवडत होती. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि विचारलं, "तू मागे का बसतेस?"

"गुडघा—"

"गुडघा सोड."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, "तुमच्या शेजारी बसलं की सगळं माझ्या अंगावर येतं. उभ्या गाड्या, खांब, माणसं. तुम्ही इतक्या जवळून नेता आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीच नसतं. मी डावीकडे, डावीकडे म्हणते, तर तुम्ही मलाच रागावता."

"कधी म्हणालीस?"

"किती वेळा!" मग म्हणाली, "त्या सायकलवालीच्या पुढे छोटी मुलगी बसली होती. तुम्हाला दिसलीच नाही ना?"

मी म्हणालो, नाही. मला सायकलच दिसली नव्हती. मागून ओरडली तेव्हा कळलं तिथे कुणी होतं.

"कुणाला लागलं का?"

"नाही. ती नाल्यात उतरली म्हणून वाचली."

तिनं जुडी पुन्हा उचलली. मग मी विचारलं, "मला सांगितलं का नाही कुणी?"

"कसं सांगायचं? तुम्ही सगळ्यांकडे चोर असल्यासारखं बघता."

८ मार्च

चिरंजिवांना बोलावून समोर बसवलं. तो म्हणाला, टायरवाल्यानंच आधी फोन केला होता. चिरा बघून त्याला शंका आली, काकांना कसं विचारू म्हणाला. "मीच त्याला सांगितलं, टायर देऊ नकोस. म्हटलं, टायर नसले तर तुम्ही गाडी काढणार नाही. तोवर काहीतरी सुचेल."

"म्हणजे काय सुचणार होतं?"

"माहीत नाही, बाबा. मला भीती वाटत होती तुमची."

म्हणजे कट होता. माझा अंदाज बरोबर होता. एवढं बरोबर ठरून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

११ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरकडे. एका अर्ध्या गोलात हनुवटी टेकवून बसायचं, मध्यभागी नजर रोखायची, बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. मी अगदी प्रामाणिकपणे दाबलं. झाल्यावर तिथल्या मुलीला म्हणालो, "तुमच्या यंत्राचे डावीकडचे खालचे दिवे गेले आहेत. प्रमाणित करून घ्या."

ती हसली नाही. "दिवे लागत होते, आजोबा," म्हणाली.

डॉक्टरांनी कागद दाखवला. दोन्ही डोळ्यांची दोन वर्तुळं आणि दोन्हीत एकच कोपरा काळा. डावीकडचा, खालचा. म्हणाले, डोळे चांगले आहेत, मेंदूच्या मागच्या भागात बारीकसा झटका येऊन गेला असावा. मध्ये कधी जोरात डोकं दुखलं होतं का? जानेवारीत दोन दिवस दुखलं होतं. मी उन्हावर ढकललं होतं.

"मग मला तिथे काळं का दिसत नाही?"

"मेंदू ती जागा भरून काढतो. तिथलं दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही."

तपासण्या करायच्या आहेत, गोळ्या सुरू केल्या आहेत. गेलेलं बहुतेक परत येणार नाही. मान वळवून बघायची सवय करायची. गाडी चालवायची नाही. हे शेवटचं त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं. मी म्हणालो, "मोठ्यानं बोला, कानांना काही झालेलं नाही."

१५ मार्च

मेंदूची मोठी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले तेच निघालं.

टायरवाल्याकडे चालत गेलो. तो मला पाहून घाबरला. मी त्याच्याकडे चहा प्यायलो. दोघं टायरांवर बोललो.

२ एप्रिल

गाडी विकायची हे मीच म्हणालो. चिरंजीव म्हणाले, घरातच ठेवू, मी चालवेन. पण ती दारात उभी असेपर्यंत माझा हात खिशात किल्ली शोधत राहील. नको.

आज एक माणूस बघायला आला. तिशीचा, रात्रशाळेत शिकवतो म्हणाला. सरळ टायरांपाशी बसला. सगळ्यांवरचे चार आकडे वाचले आणि वर पाहिलं. "तीन एका तारखेचे, एक वेगळा. नवीन गाडीचे असावेत तसे टायर. कालपरवा टाकलेत आणि लगेच विकताय? अपघात झालाय का?"

चाकाच्या लोखंडावर त्यानं नखानं खरवडून पाहिलं. "मला नीट सांगा, काका. यात काहीतरी आहे."

माझा चेहरा मला त्याच्या जागी दिसला. चिरंजीव मध्ये पडणार होते, मी हातानं थांबवलं.

"अपघात नाही," मी म्हणालो. "थोडक्यात चुकला. मला डावीकडचं दिसत नाही. मला ते माहीत नव्हतं. मी टायरांवर, दुकानदारावर, घरच्यांवर संशय घेत राहिलो."

बाहेरच्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगितलं. सौ. दारात उभी होती, ती आत गेली नाही.

तो माणूस हात झटकून उठला. "चालवून बघू का? तुम्ही पण चला."

मी शेजारी बसलो. या गाडीत या बाजूला मी कधी बसलो नव्हतो. सौ. मागच्या दारानं आत शिरली. आम्ही गावाबाहेरच्या नव्या रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा होता. त्यानं विचारलं, "किती पळते?"

"टायर दोनशे चाळीसचे आहेत. मी साठच्या पुढे नेली नाही."

"रस्त्याची मर्यादा शंभर आहे."

"मग शंभर कर."

त्यानं केली. इंजिनाचा आवाज बदलला, झाडं एकमेकांत मिसळली. मला वाटलं होतं मी दाराला घट्ट धरेन. धरलं नाही. गाडी रस्त्याला चिकटून, न डगमगता धावत होती, आणि ती अशी धावू शकते का हे इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

"अहो, तळं बघा," मागून सौ. म्हणाली. "डावीकडे."

मला तळं दिसत नव्हतं. डावीकडे फक्त रस्ता होता, उन्हाचा उजेड होता, काही कमी आहे असं वाटत नव्हतं.

मी मान पूर्ण वळवली. होतं. केवढं मोठं होतं.